धक्क्यावरची फाइलवाली

४ जानेवारी, शनिवार

परत मागे. थांब. पुढे, थोडंसंच. थांब. आता दिसते.

डावीकडे, खांबाजवळ. हिरवी ओढणी. छातीशी प्लास्टिकची फाइल. एजंट सारंग गोळ्या चुकवत स्पीडबोट वळवतो, धक्क्यावरची सगळी माणसं तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघतात. ही बघत नाही. ही उलट्या दिशेला बघते. एक पाय दुसऱ्या पोटरीला टेकवून उभी आहे, बगळ्यासारखी.

हा भाग चार. मी किती वेळा पाहिला याला गणती नाही. एवढ्या वर्षांत ही दिसली नव्हती. मला दिसली नव्हती म्हणजे कुणालाच दिसली नसणार.

बायको, आतिफा, आतून म्हणाली, भाकऱ्या थंड होतायत. मी म्हटलं, पाच मिनिटं. नंतर बघितलं तर दुपार गेली होती.

आजपासून रोजनिशी. शोध कुणी कधी लावला यावरून पुढे वाद होतात. तारीख असलेली बरी. दुसऱ्या कुणी वाचायची नाही.

५ जानेवारी

पार्श्वभूमी, नोंदीसाठी. 'एजंट सारंग'चे अकरा भाग आले. बारावा ईदला येतोय. चौथ्याचं शूटिंग आमच्या दिघीत झालं. मी तेव्हा मस्कतला. गावात आयुष्यात एकदाच शूटिंग आलं आणि मी गावात नव्हतो. सिनेमा तिकडच्या थिएटरात पाहिला. पडद्यावर अक्षरं आली, मोझांबिक. मी खुर्चीवर उभा राहिलो. मोझांबिकच्या भिंतीवर पोलिओ डोसचा रविवार लिहिलेला होता. थिएटर भरलेलं, आणि ही दिघीची जेट्टी आहे हे एकट्या मला ठाऊक.

त्या दिवसापासून मी सारंगचे सिनेमे गोष्टीसाठी बघत नाही. कडेला बघतो.

कडेला बरंच असतं. भाग दोनमध्ये मिठी मारण्याआधी सारंगचं घड्याळ डाव्या हातात, नंतर उजव्या. भाग सहामध्ये मॉस्कोच्या बर्फात मागून जाणारा माणूस अनवाणी. भाग नऊमध्ये व्हिलन ज्या फोनवरून जग उडवायची धमकी देतो त्याच्या चार्जरची पिन भिंतीत नाही. ही शेवटची पेणच्या नेत्राने शोधली. ती आमच्या सारंगच्या चाहत्यांच्या ग्रुपवर आहे. मोठ्या मनाने अभिनंदन केलं. तरी चार्जर हे माझं क्षेत्र होतं. मोबाइलचं दुकान माझं आहे.

नवीन वर्षाचे संकल्प. दुकान सकाळी दहाला उघडायचं. सिनेमा रोज एकच तास. मुलीचा, लाइबाचा, अभ्यास घ्यायचा. मस्कतच्या जुन्या साहेबांना मेल करायचा.

मी गल्फहून थोड्या दिवसांसाठी परत आलोय. कंपनी बंद पडली तेव्हा. त्याला आता चार वर्षं होतील.

७ जानेवारी

थिअरी तयार.

सारंगला सगळे हुकूम फोनवर येतात. त्या आवाजाला सगळे 'मामा' म्हणतात. मामा अकरा भागांत एकदाही दिसलेला नाही. आवाज मशीनमधून येतो, घोगरा, बाईचा की पुरुषाचा ते कळत नाही. आपण आजवर मामाला पुरुषांमध्ये शोधत होतो. मामा म्हणजे ही फाइलवाली. सगळे बोटीकडे बघत असताना जी बघत नाही, तिला बोट कुठे जाणार ते आधीच माहीत आहे. पाय पोटरीला टेकवणं हा सिग्नल. फाइलमध्ये काय आहे ते वेगळं सांगायला नको.

ग्रुपवर टाकलं. आमचा ॲडमिन विपुल, उरणचा, कंटेनरच्या ट्रेलरचा धंदा. त्याचा व्हॉइस मेसेज आला. शारिक भाय, लय भारी. एवरे दिवस ही बाय होती कुठं? मागून ट्रेलरचा हॉर्न.

आतिफा म्हणाली, सलालाच्या शाळेचं उत्तर आलं. मी म्हटलं, छान. म्हणाली, ते मला घेतायत. मी म्हटलं, छान. म्हणाली, जाऊ? मी म्हटलं, जा ना. ती जरा वेळ दारात उभी राहिली. मला फोटोची ब्राइटनेस वाढवायची होती.

आतिफा बोर्लीच्या शाळेत लहान मुलांना शिकवते. सलालाला, तिकडे ओमानात, कुठे अर्ज केला होता. गल्फचं मला विचारावं. कागद, मेडिकल, व्हिसा, यात वर्ष जातं आणि शेवटी बहुतेकांचं होत नाही. तिला आत्ताच सांगून नाराज कशाला करायचं.

दुकान उघडलं नाही. थिअरीचा दिवस होता.

११ जानेवारी

सारंगच्या सिनेमा कंपनीने स्पर्धा जाहीर केली. नाव 'नजर'. सारंगच्या अकरा भागांतली कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट कळवायची. निवडलेल्या लोकांना १४ फेब्रुवारीला मुंबईत ट्रेलरच्या कार्यक्रमाला बोलावणार, आणि तेराव्या भागात गर्दीत उभं करणार.

गर्दीत. म्हणजे कडेला. माझी जागा.

थिअरी पाठवली. फोटोवर लाल गोल काढून.

आतिफाने विचारलं, मस्कतला मेल केलात का. मी म्हटलं, ड्राफ्टमध्ये आहे. हे खरं आहे. 'डिअर सर' लिहून झालंय.

१४ जानेवारी

फाइलवाली भाग सातमध्येही सापडली. इस्तंबूलच्या बाजारात, मागे, हिरवा रंग. थोडी धूसर. नेत्राने ग्रुपवर लिहिलं, ती कचऱ्याची पेटी आहे. त्यावर हसणारी तोंडं आली. विपुलचंही.

मोठ्या शोधाच्या वेळी असं होतं. भाग सात तूर्त बाजूला ठेवतो.

घरी आलो तर हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून ठोकलेली. मोठ्या पडद्यावर बघता यावं म्हणून. घरचे बोलून दाखवत नाहीत, पण सपोर्ट आहे. आतिफा म्हणाली, व्हिसाचे फोटो काढून झालेत, काढली तरी चालेल. मी म्हटलं, राहू दे. प्रोजेक्टर दुकानात दुरुस्तीला आलाय एक, तोच आणला.

१८ जानेवारी, शनिवार

फोन आला. मुंबईहून. मृणाली म्हणून एक मुलगी, पब्लिसिटीचं बघते. म्हणाली, सर, तुमची एंट्री आम्हाला क्यूट वाटली.

सर म्हणाली.

म्हणाली, मामाबद्दल आम्ही काही बोलू शकत नाही. (म्हणजे थिअरी बरोबर आहे.) पण ती बाई तुमच्याच भागातली असेल ना सर, लोकल क्राउड? तिला शोधून आणलंत तर मजा येईल. तेव्हा आणि आता, असा फोटो काढू. ती आली तर तुम्ही दोघं नक्की.

मी म्हटलं, आणतो. दिघी केवढीशी. माझी नजर काय आहे ते तुम्ही बघितलंच आहे.

फोन ठेवल्यावर आतिफाला सांगितलं. ती गॅसपुढे सुरमई तळत होती, एक पाय उचलून. तिची ही खोड जुनी आहे. घसरशील, म्हटलं. फोटो दाखवला. तिने हात पुसून फोन घेतला, बराच वेळ बघितला. मग म्हणाली, कोण ही? मी म्हटलं, तेच शोधायचंय. म्हणाली, शोधा. लाइबा खोकायला लागली. काटा अडकला असेल.

२० जानेवारी

मोहीम सुरू. आधी जेट्टी. ताजुद्दीनचाचांची टपरी शूटिंगच्या आधीपासून तिथे आहे. फोटो दाखवला. चाचांनी फोन जवळ धरला, लांब धरला. मग हसायला लागले. हातातला चहा सांडला. म्हणाले, शारिक, म्हाताऱ्याची मस्करी करतोस काय? मी म्हटलं, मस्करी नाही चाचा, मुंबईचं काम आहे. म्हणाले, तुला खरंच म्हाईत न्हाय? मी म्हटलं, माहीत असतं तर इथे कशाला आलो असतो. ते गंभीर झाले. म्हणाले, घरी दाखव बाबा आधी. मी म्हटलं, हे काम गुप्त आहे, घरी कशाला. म्हणाले, व्हय, ते बी खरं.

फेरीबोट लागली, चाचा गिऱ्हाइकांकडे वळले. जाताना त्यांनी दोघा-तिघांच्या कानात काहीतरी सांगितलं. ते माझ्याकडे बघायला लागले.

यांना ठाऊक आहे. सांगत नाहीत.

२२ जानेवारी

बोर्ली. सासरवाडी तिथलीच, म्हणून सुरुवात सासूबाईंपासून. त्यांनी फोटो बघितला आणि ओढणी तोंडाला लावली. खांदे हलत होते. मी म्हटलं, काय झालं? त्या म्हणाल्या, काय न्हाय जावई, जेवून जा. मेहुणा फोटो बघून बाहेर निघून गेला. बाहेरून आवाज आला, पण तो रडण्याचा होता की हसण्याचा ते सांगता येत नाही.

जेवून आलो. वडे आणि मटण.

परतीच्या रिक्षात उलगडा झाला. ही कुणातरी मोठ्या घरची मुलगी. शूटिंगच्या माणसाबरोबर निघून गेली असणार. म्हणून नाव काढलं की माणसं तोंड झाकतात. गावाची अब्रू. मी यापुढे जपून विचारणार.

२५ जानेवारी

दुकान उघडलं. एक गिऱ्हाईक, स्क्रीनगार्ड लावायला. त्यालाही फोटो दाखवला. तो श्रीवर्धनचा निघाला. म्हणाला, हीरोइन बरी आहे. त्याने तरी प्रामाणिक उत्तर दिलं.

माझी चांगली प्लास्टिकची फाइल सापडत नाही. आतिफाने घेतली. म्हणाली, दाखले ठेवायचेत. घरात वस्तू विचारून घ्यायची पद्धत राहिली नाही.

२८ जानेवारी

आतिफा मेडिकलसाठी मुंबईला जाऊन आली. तिने विचारलं होतं, येता का. मी म्हटलं, या आठवड्यात मोहीम आहे. तिचा भाऊ गेला बरोबर.

पास झाली. मी म्हटलं, मेडिकल पास होणं म्हणजे काही नाही. खरी अडचण व्हिसाला येते. म्हणाली, व्हिसा आला. मी म्हटलं, मग तिकिटाला येते.

अनुभवाचे बोल आहेत. माणसाने ऐकून ठेवावेत.

१ फेब्रुवारी

शेवटी अम्मीला दाखवला. आमच्या अम्मीचं, अख्तरुन्निसाचं, गावात वजन आहे. कुणाची सोयरीक कुठे झाली ते तिला विचारून खात्री करतात. तिने चष्मा लावला. म्हणाली, पोरगी चांगली हाय. मी म्हटलं, ओळखतेस? म्हणाली, रोज तिच्या हातची भाकरी खातोस आन मला विचारतोस?

अम्मीचं आता वय झालं. काही विचारलं तर उत्तर भलतंच देते. डॉक्टरला दाखवायला हवं. संकल्पांत घालतो.

५ फेब्रुवारी

गावात बातमी पसरलेली दिसते.

सकाळी ताजुद्दीनचाचा घरी आले. हातात पुडकं, प्लास्टिकवर प्लास्टिक, वर चिकटपट्टी. आत सुकट. म्हणाले, आपल्या मुसअबला द्यायचं. मी म्हटलं, देतो की. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग पुडकं आतिफाच्या हातात दिलं. मुसअब त्यांचा मुलगा, सलालाला गॅरेजमध्ये असतो. सध्या सुट्टीवर मुंबईत आला असणार. चाचा सांगायला विसरले. या वयात होतं.

दुपारनंतर रीघ लागली. कुणी मसाला, कुणी लोणचं, कुणी बोंबील. वर नाव आणि फोन नंबर. आमच्याकडे रीतच आहे, माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की त्याच्याबरोबर पुडकी द्यायची. मी गल्फला जाताना अशीच यायची. मुंबईला जाणाऱ्याला देत नाहीत सहसा. पण मुंबईला जाणं आणि असं जाणं यात फरक आहे, हे लोकांना कळतं.

शेजारीण आतिफाच्या गळ्यात पडून रडली. एका कार्यक्रमासाठी एवढं. मला जरा जास्तच वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आतिफा म्हणाली, शुक्रवारी पहिल्या फेरीबोटीला गाडी सांगितली आहे. मी म्हटलं, उत्तम, मीही शुक्रवारीच. एकाच गाडीने जाऊ. ती म्हणाली, तुम्ही येताय सोडायला? मी म्हटलं, येणारच, माझा कार्यक्रम आहे. ती बरं म्हणाली. आधी चेहरा वेगळा होता. मी हल्ली चेहऱ्यांचा अभ्यास करतो, म्हणून लक्षात आलं. अर्थ लागला नाही.

तर सलाला खरंच होतंय म्हणायचं. दोन वर्षांचा करार. मी तिला म्हटलं, आधी सांगायचं. ती म्हणाली, सात जानेवारीला सांगितलं. मी मागची पानं बघितली. तशी नोंद आहे. पण नोंद असणं वेगळं.

वाईट वाटलं का, असं स्वतःला विचारलं. विचार करायला वेळ मिळाला नाही. बाई अजून सापडलेली नाही.

संध्याकाळी आतिफाने मला बसवून घरातलं सगळं समजावलं. अम्मीच्या गोळ्या, सकाळची कुठली, जेवणानंतरची कुठली. लाइबाचा डबा, वेणी, शाळेची गाडी कुठे थांबते. लिहून घ्या म्हणाली. मी म्हटलं, लिहायची गरज नाही, माझं लक्ष बारीक असतं. ती बोलत असताना तिच्यामागे भिंतीवर पाल होती. शेपूट तुटलेली. हे तिला दिसलं नव्हतं.

तिने शेवटी विचारलं, मे महिन्यात परीक्षा संपल्यावर लाइबाला घेऊन तुम्हीही या. तिकडे दुकानांत माणसं लागतात. याल? मी म्हटलं, बघू. मृणालीचा फोन वाजत होता.

१२ फेब्रुवारी

मृणाली म्हणाली, सर, लेडी मिळाली का? नसेल तर आम्ही पेणच्या मॅडमना कन्फर्म करतोय. चार्जरवाल्या.

मी म्हटलं, मिळाली.

तोंडातून गेलं. विपुलला फोन केला. तो म्हणाला, भाय, टेन्शन कशाला? कुनाला तरी हिरवी वढनी घाल न् उभी कर. एवऱ्या वर्षांनी कोन वळकतंय.

विपुल धंदेवाईक माणूस आहे. पण कल्पना वाईट नव्हती. घरात आतिफाच होती. खोक्याला दोरी बांधत होती, वर मार्करने नाव लिहून झालं होतं. म्हटलं, दोन मिनिटं उभी राहा. हिरवी ओढणी तिच्या पेटीत निघाली, जुनी, विटलेली. फाइल दिली. म्हटलं, पाय असा पोटरीला टेकव. ती न सांगताच तशी उभी होती. म्हटलं, आता तिकडे बघ, खिडकीबाहेर. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं.

ती बघत राहिली. खिडकीतून खाडी दिसते. मी फोटो काढला.

जमलं नाही. उंची ठीक, पण बाकी काही जुळत नाही. फाइल धरण्यात ती तयारी नाही. मूळ बाईच्या खांद्यात एक निश्चय आहे, ती कुठेतरी निघालेली आहे. आतिफाचे खांदे घरात राहणाऱ्या माणसाचे. डोळेही थकलेले. तिला तसं समजावून सांगितलं. वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, हे ज्याच्या त्याच्यात असतं.

ती म्हणाली, खरं आहे. ओढणी काढून घडी केली आणि खोक्यात नाही, बॅगेत ठेवली. हँडबॅगेत.

मृणालीला काय सांगायचं ते उद्या ठरवतो. मार्ग निघेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळ

लाइबा शाळेतून आली. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बघत होतो. तिने दप्तर टाकलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, अब्बा, दोन्हींत अम्मीच आहे.

मी म्हटलं, डावा फोटो सिनेमातला आहे. म्हणाली, हो, अम्मी लग्नाआधीची. तिने कानाजवळ बोट ठेवलं. कानाच्या पाळीखाली तीळ आहे. डाव्यात आहे. उजव्यात आहे.

मी तो डाव्या फोटोत आधी पाहिला होता. प्रिंटवरचा डाग समजून पुसून टाकायचं सॉफ्टवेअर शोधत होतो.

लाइबा म्हणाली, सगळ्यांना माहीत आहे. अम्मीने सांगितलं होतं, कुणी सांगू नका, बघू तुझे अब्बा ओळखतात का. आज शेवटचा दिवस म्हणून मी सांगितलं. तू अम्मीला सांगू नको मी सांगितलं ते.

आत गेलो. आतिफा जमिनीवर बसून पासपोर्ट, तिकीट, फाइल असं लावत होती. मी म्हटलं, फाइलवाली तू आहेस. ती म्हणाली, लाइबाने सांगितलं ना? मी म्हटलं, नाही, तिळावरून ओळखलं. ती हसली. फार नाही.

मी म्हटलं, तू मला कधी बोलली नाहीस. म्हणाली, साखरपुड्याच्या दिवशी बोलले होते. तुम्ही मला भाग पाच समजावत होता. हे आठवतं. भाग पाचचं.

मग मुख्य प्रश्न विचारला. सगळे बोटीकडे बघत होते, तू उलटीकडे का बघत होतीस? डायरेक्टरने सांगितलं होतं का?

ती म्हणाली, मी लाँच बघत होते. अलिबागला नर्सिंगचा इंटरव्ह्यू होता. पहिल्या लाँचने पलीकडे आगरदांड्याला जायचं, तिथून एस.टी. मी धक्क्यावर आले तर शूटिंग. लाँच बाजूला उभी करून ठेवलेली. माणसं म्हणाली, एकच शॉट आहे, उभ्या राहा, गर्दी दिसेल. मग म्हणाले, अजून एक. लाँच सुटते का बघत उभी होते. दुपारी सुटली. अलिबागला पोहोचले तेव्हा खोलीला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणाले, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी अब्बांनी लग्नाचं बघायला घेतलं.

मी म्हटलं, म्हणजे फाइलमध्ये? ती म्हणाली, मार्कशीट.

थिअरी या अर्थाने गेली. पण शोध राहिला, उलट मोठा झाला. मी लगेच सांगितलं, बघ, कार्यक्रम उद्या संध्याकाळी आहे. तू आणि मी स्टेजवर. तेव्हा आणि आता. तिकीट पुढे ढकलता येतं, गल्फच्या तिकिटांचं मला माहीत आहे. शाळेला कळवू. एकाच दिवसाचा प्रश्न आहे.

ती म्हणाली, त्या दिवशीही एकच शॉट म्हणाले होते.

मग बॅगेची चेन लावली. अडकली होती, दोन्ही गुडघे टेकून लावली. अम्मी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. मला म्हणाली, शारिक, खोकी उचलून दारात ठेव. एवढं तरी कर. ठेवली.

आतिफा तशी नाही म्हणाली नाही. भावनेच्या भरात आहे. उद्या गाडीत निवांत चार-पाच तास मिळतील, तेव्हा पटवून देतो. मृणालीला मेसेज केला, लेडी कन्फर्म. ग्रुपवर टाकलं, उद्या संध्याकाळी लाइव्ह बघा. इस्त्रीचा शर्ट बाहेर काढून ठेवला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली फेरी वेळेवर सुटली.

गाडीत जागा नव्हती. पुढे मेहुणा बसला. मागे आतिफा, आणि उरलेल्या सीटवर लोकांची पुडकी. माझ्या जागेवर मुसअबची सुकट होती. मी म्हटलं, मांडीवर घेतो. आतिफा म्हणाली, लाइबाची शाळा आहे आज. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून अम्मीने आतिफाच्या दंडाला रुपया बांधला. ताजुद्दीनचाचांनी चहा दिला, तो तिने धक्क्यावर उभं राहून प्यायला. मग गाडी फेरीत चढली. मी फोन काढला होता, पण हात हलले आणि त्यात फक्त खांब आला.

ती वर कठड्याशी जाऊन उभी राहिली. आगरदांड्याच्या बाजूला बघत होती. पाय दिसले नाहीत, कठडा आड आला.

मृणालीला कळवलं, येत नाही. तिने अंगठा पाठवला.

घरी येऊन लाइबाचा डबा भरला. वेणी घातली, तिरकी झाली. ती म्हणाली, दोन घालतात. मी विचारलं, कधीपासून. म्हणाली, पहिलीपासून. ती आता सहावीत आहे. परत सोडली, दोन घातल्या. शाळेची गाडी निघून गेली होती. तिला चालत सोडून आलो.